रोहित्राच्या तेलात चुंबकीय नॅनोकण: अभ्यासाची सुरुवात कोठून करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी तुम्ही मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) नॅनोकण तयार केले, त्यांना ओलेइक आम्लाचे आवरण देऊन रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) खनिज तेलात मिसळले, आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना) व व्हीएसएमची (चुंबकनाची) मापने आता हाती आहेत. हा द्रव रोहित्रासाठी उपयुक्त आहे की नाही हे ठरवण्यासाठी पुढे काय मोजावे, कणांचे प्रमाण किती ठेवावे, आणि कोल्हापूर परिसरातील शेतीपंपांच्या किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या रोहित्रांत असे तेल कधी भरता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. रोहित्रांची दुरुस्ती आणि त्यांच्या तेलाचे परीक्षण यांत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि पुढे याच विषयावर काम करणाऱ्या काही संशोधक विद्यार्थ्यांबरोबर बसण्याचा योग आला. त्यामुळे पुढील उत्तर रोहित्राच्या टाकीकडून प्रयोगशाळेकडे पाहत दिलेले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बहुतेक प्रकल्पांची दिशा येथेच चुकते. नॅनोद्रव, म्हणजे नॅनोकण मिसळलेला द्रव, म्हटले की विद्यार्थी आधी उष्णतावहन मोजायला धावतात आणि 'उष्णतावाहकता इतके टक्के वाढली' या वाक्यावर प्रबंध उभा करतात. रोहित्रातील तेलाचे पहिले काम मात्र विद्युतरोधनाचे आहे. उष्णता वाहून नेणे हे त्यानंतरचे काम, आणि ही दोन्ही कामे त्या तेलाने वीस-पंचवीस वर्षे, कागद, प्रेसबोर्ड, तांबे आणि लोखंड यांच्या सहवासात करायची असतात. तेल थोडे कमी थंड करणारे असेल तर रोहित्र थोडे मोठे बांधता येते, परंतु तेलाचे विद्युतरोधन गेले तर रोहित्रच जाते. म्हणून तुमच्या अभ्यासाचा कणा विद्युतभंग (तेल भेदून ठिणगी जाणे), टॅन डेल्टा (तेलात वाया जाणाऱ्या विजेचे माप), आर्द्रता आणि वार्धक्य या मापनांचा असावा.

तरीही थंडाव्याचा हिशेब आधी करून टाकू, म्हणजे त्याचे वजन किती ते कळेल. खनिज तेलाची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला साधारण ०.१२ वॅट असते. मॅक्सवेलच्या जुन्या सूत्रानुसार, चांगले वाहक असलेले गोल कण आकारमानाने १ टक्का मिसळले तर मिश्रणाची वाहकता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते, आणि त्याहून फार जास्त काही घडत नाही. २००९ मध्ये तीसहून अधिक संस्थांनी एकाच प्रकारचे नमुने वाटून घेऊन नॅनोद्रवांची उष्णतावाहकता स्वतंत्रपणे मोजली होती. त्या सामूहिक प्रयोगातही चमत्कारिक वाढ आढळली नाही, मॅक्सवेलच्या धर्तीवरच्या सूत्रांशी जुळणारीच वाढ दिसली. आता दुसरी बाजू पाहा. १० नॅनोमीटरच्या कणावर ओलेइक आम्लाचा २ नॅनोमीटर जाडीचा थर असेल तर द्रवाच्या दृष्टीने तो कण १४ नॅनोमीटरचा होतो, आणि १.४ चा घन २.७ येतो. म्हणजे मॅग्नेटाइट १ टक्का असले तरी प्रवाहाला अडवणारे आकारमान २.७ टक्के असते, आणि आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे विष्यंदिता (द्रवाचा घट्टपणा) सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. रोहित्रात तेल पंपाशिवाय, स्वतःच्या तापमानफरकाने फिरत असेल तर उष्णतासंक्रमण वाहकतेच्या पाऊण घाताशी आणि विष्यंदितेच्या उलट पाव घाताशी निगडित असते. बाकीचे गुणधर्म ढोबळमानाने तसेच धरले तर पहिल्यामुळे २ टक्क्यांहून किंचित अधिक फायदा होतो, दुसऱ्यामुळे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास तोटा होतो, आणि हाती जवळजवळ काहीच उरत नाही. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, आणि तो न करता महागडे उपकरण लावून बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात २००७ मध्ये मॅग्नेटाइटच्या द्रवाची उष्णतावाहकता चुंबकीय क्षेत्रात ३०० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे दाखवण्यात आले, आणि तो निकाल खरा आहे. पण ती वाढ कणांच्या लांब साखळ्या क्षेत्राच्या दिशेने तयार झाल्यामुळे आणि उष्णतेचा प्रवाहही त्याच दिशेने असल्यामुळे होती, शिवाय कणांचे प्रमाण आकारमानाने ६ टक्क्यांच्या वर होते. उच्चदाबाच्या वाइंडिंगजवळ (तारेच्या वेटोळ्यांजवळ) वाहक कणांच्या साखळ्या तयार होणे ही विद्युत अभियंत्याच्या दृष्टीने आनंदाची बातमी नव्हे. म्हणून तो निकाल उद्धृत करताना तो रोहित्राला लागू होतो असे सुचवू नका.

चुंबकीय द्रवाचा खरा वेगळेपणा थंडाव्याच्या बाबतीत दुसऱ्या एका गोष्टीत आहे. तापमान वाढले की द्रवाचे चुंबकन कमी होते. त्यामुळे जेथे क्षेत्र तीव्र आहे तिकडे थंड द्रव गरम द्रवापेक्षा जास्त जोराने ओढला जातो आणि पंपाशिवाय अभिसरण वाढते. रोहित्रात तर क्षेत्र आयतेच असते, कारण प्राथमिक आणि दुय्यम वाइंडिंगच्या मधल्या फटीत गळतीचा अभिवाह (लोखंडी गाभ्याबाहेर निसटलेले चुंबकीय क्षेत्र) असतो. येथे नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा की ५० हर्ट्झचे क्षेत्र सतत उलटसुलट होत असताना ओढ कशी टिकेल. उत्तर सोपे आहे: १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइट कणातील चुंबकीय आघूर्ण नॅनोसेकंदाच्या पातळीवर दिशा बदलते, सबंध कण तेलात फिरायला फार तर काही दशक मायक्रोसेकंद लागतात, आणि ५० हर्ट्झचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे चुंबकन क्षेत्रामागे बिनचूक धावते, आणि बल क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्याची सरासरी शून्य होत नाही.

या ओढीचे परिमाणही ढोबळ काढता येते. क्षेत्र २० मिलिटेस्ला, ते ५ सेंटिमीटरमध्ये शून्यावर उतरणारे, मॅग्नेटाइट आकारमानाने १ टक्का आणि तापमानफरक २० अंश असे धरले, तर लँजव्हँच्या (क्षेत्र व तापमान यांवरून चुंबकन देणाऱ्या) सूत्रावरून चुंबकीय ओढीतील फरक दर घनमीटरला सुमारे ४० न्यूटन येतो, आणि साध्या तापमानफरकाने तेलाला मिळणारे उत्प्लावक (वर उचलणारे) बल त्याच मापात १३० च्या आसपास असते. म्हणजे १ टक्क्याला ही ओढ विचारात घेण्याजोगी आहे, ०.१ टक्क्याला ती उत्प्लावक बलाच्या जेमतेम ३ टक्के उरते. शिवाय वाइंडिंगमधील क्षेत्राच्या उताराची दिशा प्रत्येक ठिकाणी अनुकूल असेलच असे नाही, काही ठिकाणी ती प्रवाहाला विरोधही करील. मॅग्नेटाइटचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व जाते ते, ५८५ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे रोहित्राच्या तापमानात त्याच्या मूळ चुंबकनात फारशी घट होत नाही. मँगनीज-झिंक फेराइट या दुसऱ्या चुंबकीय ऑक्साइडमध्ये झिंकचे प्रमाण बदलून क्युरी तापमान बरेच खाली आणता येते, आणि म्हणून तापमानाला संवेदनशील द्रवासाठी तेच वापरतात. शिवाजी विद्यापीठात फेराइटवर अनेक दशके काम होत आलेले आहे. तुमच्या मार्गदर्शकांना तो पदार्थ नवा नसेल, आणि प्रकल्पाला वेगळे वळण द्यायचे असेल तर मी याच दिशेचा विचार करीन.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे विद्युतरोधनाकडे येतो. वाहक कण मिसळल्यावर तेलाचे विद्युतरोधन बिघडायला हवे, हा सर्वसाधारण अभियंत्याचा समज आहे आणि मोठ्या कणांच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर आहे. तेल गाळण्याच्या यंत्रावर आपण धातूचे आणि तंतूंचे कण काढण्यासाठीच एवढा खर्च करतो. परंतु १९९८ मध्ये सेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेटाइटचे नॅनोकण असलेल्या तेलावर विजेच्या कडकडाटासारखे आवेगी (क्षणिक) दाब, म्हणजे व्होल्टेज, देऊन पाहिले, तेव्हा सुईसारख्या इलेक्ट्रोडवर धन आवेग असताना विद्युतभंगाचा दाब ८६ किलोव्होल्टवरून १५७ किलोव्होल्टवर गेला. ऋण आवेगाच्या बाबतीत मात्र तो १७० वरून १५४ वर उतरला, आणि प्रत्यावर्ती (एसी) दाबाच्या चाचणीत असा दुपटीचा फरक दिसला नाही. पहिला आकडा सगळे सांगतात. दुसरा सांगायचा राहून जातो.

याचे स्पष्टीकरण पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मार्कस झान यांच्या गटाने दिले. तेलात धन सुईच्या टोकाशी क्षेत्र प्रचंड असते, तेथे तेलाच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, हलके असल्याने वेगाने सुईकडे पळतात, आणि मागे राहिलेला धनभार क्षेत्राचे शिखर पुढे ढकलत नेतो. यालाच स्ट्रीमर म्हणतात. मॅग्नेटाइट बऱ्यापैकी वाहक असल्याने त्याच्या कणावर भाराची पुनर्मांडणी सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात, म्हणजे स्ट्रीमरच्या मानाने जवळजवळ तत्काळ होते, आणि तो कण जवळून जाणारे इलेक्ट्रॉन पकडतो. १० नॅनोमीटरचा कण दर मीटरला दहा कोटी व्होल्टच्या क्षेत्रात साधारण ११ इलेक्ट्रॉन धरू शकतो. वेगवान इलेक्ट्रॉनांच्या जागी सुस्त ऋण कण आले की क्षेत्राचे शिखर पुढे सरकण्याची गती कमी होते. हे स्पष्टीकरण मला पटते, पण ते आवेगी दाबासाठी आहे. ५० हर्ट्झच्या बीडीव्ही (विद्युतभंगाचा दाब मोजण्याच्या) चाचणीत आकडा वाढला की लगेच 'कणांनी इलेक्ट्रॉन पकडले' असे लिहिण्याची पद्धत पडली आहे, ती बरोबर नाही. कारण त्या चाचणीत ओलावा आणि धूळ यांचा वाटा फार मोठा असतो.

ओलाव्याचा मुद्दा कोल्हापुरात विशेष महत्त्वाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येथील हवा दिवसेंदिवस ओलीचिंब असते, आणि उघड्या बीकरमध्ये तास-दोन तास ढवळलेले तेल त्या दिवसांत इतके पाणी शोषून घेते की मार्चमधील आणि जुलैमधील बीडीव्हीची तुलनाच करता येत नाही. तेलातील एकूण पाण्यापेक्षा ते त्या तापमानाच्या संपृक्ततेच्या किती टक्के आहे यावर विद्युतभंग अवलंबून असतो. नॅनोकणांचा पृष्ठभाग पाणी धरून ठेवतो, आणि काही प्रयोगांत दिसलेली सुधारणा केवळ यामुळेही असू शकते. म्हणून प्रत्येक नमुना, साधे तेलसुद्धा, ६०-७० अंशांवर निर्वातात वाळवा, कोरड्या नायट्रोजनखाली ठेवा, आणि विद्युतभंगाच्या आकड्याशेजारी त्याच वेळचे पाण्याचे प्रमाण व तापमान लिहा. पाणी मोजण्याच्या कार्ल फिशर पद्धतीत नॅनोद्रव थेट टोचू नका, कारण फेरिक लोह आयोडाइडशी अभिक्रिया करून आकडा बिघडवते. नमुना छोट्या भट्टीत तापवून निघालेली वाफ कोरड्या वायूने मापनपात्रात नेण्याची सोय असलेले उपकरण वापरा.

बीडीव्हीच्या संचाबाबत एक खबरदारी, जी कोठेही ठळकपणे लिहिलेली नसते. अनेक संचांत तेल ढवळण्यासाठी पात्राच्या तळाशी चुंबकीय दांडी फिरते. साध्या तेलात ती निरुपद्रवी असते. तुमच्या द्रवात ती कण आणि विशेषतः त्यांचे पुंजके स्वतःभोवती गोळा करते, आणि तुम्ही मोजता तो विद्युतभंग कमी कण उरलेल्या तेलाचा असतो. पंख्याने ढवळणारा संच मिळवा, किंवा ढवळणे बंद ठेवून तसे नोंदवा. आयईसी ६०१५६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २.५ मिलिमीटर अंतर, सेकंदाला २ किलोव्होल्ट वाढ आणि सहा विद्युतभंगांची सरासरी ही पद्धत नेहमीच्या तेलपरीक्षणासाठी पुरेशी आहे, संशोधनासाठी नाही. विद्युतभंग ही यदृच्छेची घटना आहे आणि सहा आकड्यांची सरासरी पाच-दहा किलोव्होल्टने सहज हलते. निदान तीस-चाळीस विद्युतभंग घ्या, वायबुल वितरणावर (बिघाडाची संभाव्यता दाखवणाऱ्या संख्याशास्त्रीय मांडणीवर) मांडा, आणि सरासरीपेक्षा १ टक्का व १० टक्के संभाव्यतेच्या दाबाकडे लक्ष द्या, कारण रोहित्राची रचना करणारा माणूस सर्वात दुबळ्या क्षणाची काळजी करतो. सरासरी वाढलेली पण वितरण पसरलेले असा नॅनोद्रव त्याच्या दृष्टीने साध्या तेलापेक्षा वाईट आहे.

आता रसायनाचा भाग, कारण टॅन डेल्टा आणि आम्लता येथेच बिघडतात. तुम्ही सहअवक्षेपणाची पद्धत वापरली आहे, म्हणजे फेरिक आणि फेरस क्षार दोनास एक या प्रमाणात घेऊन अमोनियाने अवक्षेप पाडला. या पद्धतीत अमोनियम क्लोराइडसारखे क्षार अवक्षेपात अडकून राहतात आणि ते तेलात गेले की ९० अंशांवरची टॅन डेल्टा कित्येक पट वाढते. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहा. पांढरटपणा येत असेल तोवर धुणे संपलेले नाही. अवक्षेप पाडताना हवा आत गेली तर मॅग्नेटाइटचे काही प्रमाणात मॅघेमाइट (अधिक ऑक्सिडीकरण झालेले लोह ऑक्साइड) होते, आणि दोघांचे एक्सआरडी आलेख इतके सारखे असतात की केवळ त्यावरून 'शुद्ध मॅग्नेटाइट' असा दावा करता येत नाही; लोहाची अवस्था ओळखणारे मॉसबॉअर मापन मिळाले तर उत्तम, नाहीतर दावा सौम्य ठेवा.

ओलेइक आम्लाचा हिशेब तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला वहीत मांडायला लावतो. आयईसी ६०२९६ मध्ये, आणि त्याच्या धर्तीवर सुधारलेल्या आयएस ३३५ या भारतीय मानकामध्ये, नव्या तेलाची आम्लता दर ग्रॅमला फार तर ०.०१ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड इतकी चालते. १ ग्रॅम ओलेइक आम्लाला जवळजवळ २०० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते. म्हणजे तेलात कणांना न चिकटलेले, मोकळे ओलेइक आम्ल दशलक्षात ५० भाग उरले तरी ही मर्यादा संपली. आवरणासाठी नेहमी जास्तीचे आम्ल घातले जाते, त्यामुळे कण तेलात घालण्यापूर्वी ॲसिटोनने पुन्हा पुन्हा धुऊन मोकळे आम्ल काढणे आवश्यक आहे. पण फार धुतले तर कणावर चिकटलेले आम्लही सुटते आणि कण पुंजके करू लागतात. या दोन टोकांमधली जागा शोधणे हेच तुमच्या प्रकल्पातील सर्वात कष्टाचे आणि माझ्या मते सर्वात मोलाचे काम ठरेल. मोकळ्या आम्लाने तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा आंतरपृष्ठीय ताणही उतरतो, आणि जुन्या तेलाचे परीक्षण करणाऱ्याला हे दोन्ही आकडे पाहून तेल कुजले आहे असेच वाटेल.

याच कारणासाठी तुलनेचे नमुने नीट ठरवा. डब्यातून काढलेले साधे तेल हा एक नमुना झाला. त्याखेरीज नॅनोद्रवावर केलेले तापवणे, ध्वनिलहरींनी ढवळणे आणि वाळवणे हे सर्व तसेच सोसलेले, पण कण नसलेले तेल हा दुसरा. आणि फक्त ओलेइक आम्ल घातलेले तेल हा तिसरा. हा तिसरा नमुना बहुतेक प्रबंधांत नसतो, आणि परीक्षकाने तेवढे एक विचारले की उत्तर नसते.

कणांचे प्रमाण लिहिताना वजनाचे की आकारमानाचे हे प्रत्येक वेळी लिहा. मॅग्नेटाइटची घनता ५.२ आणि तेलाची ०.८७ च्या आसपास असल्याने आकारमानाने १ टक्का म्हणजे वजनाने साडेपाच टक्क्यांहून जास्त होते. वेगवेगळ्या प्रबंधांतील निकाल जुळत नाहीत याचे एक कारण हा गोंधळ आहे. विद्युतरोधनाच्या दृष्टीने मी आकारमानाने ०.०१ ते ०.२ टक्क्यांच्या पट्ट्यात चार-पाच प्रमाणे घेईन. प्रमाण वाढत जाते तसा विद्युतभंगाचा दाब एका मर्यादेनंतर उतरू लागतो आणि टॅन डेल्टा चढत जाते. ती मर्यादा तुमच्या कणांसाठी कोठे आहे हे तुम्हालाच शोधावे लागेल. ओढीच्या वरच्या हिशेबावरून दिसते की थंडाव्यासाठी १ टक्क्याकडे जावेसे वाटेल आणि विद्युतरोधनासाठी त्याच्या दहाव्या भागाकडे, आणि या विषयातली मुख्य अडचण नेमकी येथे आहे.

कणांचा आकार १० नॅनोमीटरच्या जवळ ठेवा आणि त्याचा पसारा कमी असल्याचे टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) निदान दोनशे-तीनशे कण मोजून दाखवा. एक्सआरडीवरून शेररच्या सूत्राने आलेला एकच आकडा पुरेसा नाही. आकाराबाबत इतका आग्रह का, हेही आकड्यांत सांगतो. दोन शेजारच्या कणांमधील चुंबकीय आकर्षणाची ऊर्जा आणि उष्णतेची ऊर्जा यांचे गुणोत्तर, आवरणासह, १० नॅनोमीटरच्या कणांसाठी सुमारे ०.५ येते आणि १५ नॅनोमीटरच्या कणांसाठी २ च्या वर जाते. पहिल्या स्थितीत उष्णतेची हालचाल कणांना सुटे ठेवते, दुसऱ्या स्थितीत ते साखळ्या करू लागतात. त्याचप्रमाणे २० मिलिटेस्ला क्षेत्रात १० नॅनोमीटरच्या एकट्या कणाची चुंबकीय ऊर्जा उष्णतेच्या ऊर्जेइतकीच असते, म्हणून तो वाइंडिंगपाशी जाऊन अडकत नाही; शंभर नॅनोमीटरचा पुंजका मात्र निश्चित अडकतो. रोहित्रावर शॉर्टसर्किट झाले तर त्या क्षणी गळतीचे क्षेत्र प्रवाहाच्या प्रमाणात दहा-वीस पट वाढते, तेव्हा काय होते हेही पाहायला हवे. तुमच्या प्रयोगशाळेत याची साधी नक्कल करता येते: उंच काचेच्या नळीत द्रव भरून तिच्या खालच्या भागाभोवती ५० हर्ट्झच्या प्रवाहाची गुंडाळी काही आठवडे चालू ठेवा आणि वरच्या व खालच्या थरांतील घनता किंवा चुंबकन वेगवेगळे मोजा. 'सहा महिने बाटलीत गाळ बसला नाही' हे स्थैर्याचे प्रमाणपत्र रोहित्रासाठी अपुरे आहे.

वार्धक्याची चाचणी सोडू नका. लोखंड आणि तांबे तेलाच्या ऑक्सिडेशनला उत्तेजन देतात हे जुने ज्ञान आहे, आणि तुम्ही तर लोहाचे ऑक्साइड प्रचंड पृष्ठभागासह तेलात पसरवत आहात. आयईसी ६११२५ मध्ये १२० अंशांवर तांब्याच्या उपस्थितीत हवा सोडून, प्रतिबंधक नसलेल्या तेलासाठी १६४ तास आणि प्रतिबंधक असलेल्या तेलासाठी ५०० तासांपर्यंत, तेल तापवतात आणि नंतर आम्लता, गाळ व टॅन डेल्टा मोजतात. तेवढी सोय नसेल तर बंद कुप्यांत तेल, वाळवलेला क्राफ्ट कागद आणि तांब्याची पट्टी ठेवून ओव्हनमध्ये तापवा, आणि कागदाच्या बहुलीकरणाची मात्रा (त्याच्या रेणूसाखळ्यांची लांबी) मोजा. नव्या कागदाची ती हजाराच्या वर असते आणि २०० च्या आसपास आली की कागदाचे आयुष्य संपले असे धरतात. रोहित्राचे आयुष्य शेवटी कागदाचे आयुष्य असते. सर्वात तप्त जागेचे तापमान ६ अंशांनी वाढले की कागद दुप्पट वेगाने झिजतो हा नियम सर्वमान्य आहे, त्यामुळे नॅनोद्रवाने खरोखर ६ अंश कमी करून दाखवले तर त्याचे मोल फार मोठे आहे. पण त्याच द्रवातील लोहामुळे आणि मोकळ्या आम्लामुळे कागद लवकर झिजत असेल तर मिळवलेले सगळे गेले.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज तरी नकारार्थी आहे. १०० केव्हीए क्षमतेच्या ११ किलोव्होल्ट रोहित्रात शे-दीडशे लिटर तेल असते, आकारमानाने ०.१ टक्का म्हटले तरी दीडशे लिटरला पाऊण किलोहून थोडे जास्त, शुद्ध आणि एकसारखे आवरण असलेले मॅग्नेटाइट लागेल. एवढे तयार करणे अशक्य नाही. अडचण देखभालीची आहे. आपल्याकडे शिवारातले रोहित्र जळाले की तेल काढणे, गाळणे, दुसऱ्या तेलात मिसळणे आणि पुन्हा भरणे हे सर्व सरसकट होते. काळा, चुंबकीय, गाळणीवर पुंजके सोडणारा द्रव या व्यवस्थेत शिरला तर कोणत्या टाकीत काय आहे हे कोणालाच कळणार नाही. तेलाचा रंग पाहून त्याची अवस्था ओळखण्याची फिटरची सवयही येथे निरुपयोगी ठरते. २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या काठची रोहित्रे पाण्याखाली गेली होती; तशा पाण्यात ओलेइक आम्लाचे आवरण असलेले कण काय करतील, पायस (तेल-पाण्याचे न सुटणारे मिश्रण) तयार करून बसतील का, हा खरे तर कोल्हापुरातच करण्याजोगा प्रयोग आहे. वितरण रोहित्रांऐवजी बंद टाकीची, एकाच मालकाच्या देखभालीतली छोटी विशेष रोहित्रे हा मला अधिक शक्य वाटणारा मार्ग आहे. आगीचा धोका कमी करणे हा हेतू असेल तर ३०० अंशांच्या वर ज्वलनबिंदू असलेली एस्टर द्रवे आज बाजारात उपलब्ध आहेत आणि वापरातही आहेत. त्या कामासाठी नॅनोकणांची गरज नाही.

प्रकल्पाचा शेवट म्हणून एखादे १ ते ५ केव्हीएचे एकफेजी रोहित्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातून खास बांधून घ्या, वाइंडिंगमध्ये आणि तेलाच्या वरच्या थरात थर्मोकपल बसवा, आणि त्याच रोहित्रावर आधी साधे तेल व नंतर नॅनोद्रव भरून, समान प्रवाहावर, तापमान स्थिर होईपर्यंत चालवा. कमी दाबाच्या अशा रोहित्रात विद्युतरोधनाची परीक्षा होत नाही, परंतु ओढीचा आणि विष्यंदितेचा एकत्रित परिणाम एका आकड्यात दिसतो. साधे तेल आधी घ्या, कारण एकदा नॅनोद्रव भरल्यावर ते कागद आणि कोअरच्या पत्र्यांतून पूर्णपणे धुऊन काढणे जमत नाही.

टॅन डेल्टा, रोधकता आणि आवेगी दाब यांची मापने येथे जमली नाहीत तर बंगळुरूची केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्था किंवा वडोदऱ्याची ईआरडीए ही चाचणी संस्था यांच्याकडे नमुने पाठवता येतात. द्रव काळा आणि चुंबकीय आहे हे आधीच पत्राने कळवा, नाहीतर त्यांचे मापनपात्र खराब होण्याच्या भीतीने नमुना परत येईल. बाटल्या तपकिरी काचेच्या, ओव्हनमध्ये वाळवलेल्या आणि जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेल्या असाव्यात. पावसाळ्यात पाठवत असाल तर झाकणावर मेण लावा, आणि वर सांगितलेले तिन्ही तुलनेचे नमुने त्याच पिंपातील तेलाचे, त्याच दिवशी भरलेले, सोबत द्या.